आकाश थोडं कमी निळं

दुपारी साडेतीनलाच लिएपायात दिवा लावावा लागतो.
डिसेंबर. मी जुने फोटो बदलायला घेतलेत,
एकेक खाली उतरवायचा, धुऊन पुन्हा वर चढवायचा.

दोन हजार अकरातली माझी आकाशं आता बघवत नाहीत:
निळीत बुचकळून तशीच वाळत घातलेली,
प्रत्येक ढगाला काजळाची कड.
बाल्टिक असा कधीच नव्हता.
आमचा समुद्र राखी, कपबशा विसळलेल्या पाण्याचा.
पण तेव्हा स्लायडर नवानवा हाती आला होता
आणि शेवटापर्यंत ओढू नकोस असं सांगायला
खोलीत कुणी नव्हतं.

ट्रामचं क्षितिज दीड अंश कललेलं, सरळ केलं.
बंदरातल्या क्रेनवरचं कंपनीचं नाव पुसलं होतं,
तिथं ठिगळ दिसत होतं. बारीक टाक्यांनी रफू केलं.
वेल्गाच्या ओट्यावरचा सफरचंदाचा केक:
हिरवट झाक काढली, तेरा वर्षांनी ताजा झाला.
वेल्गानं ते घर विकलं, ओट्यासकट.

मग आला आठशे सत्तावीस नंबर.
आइवार्स, पाविलोस्ताच्या वाटेवरचा मासे धुरावणारा,
दारात उभा, सळईला टांगलेले सोनेरी चपटे मासे,
आणि खाली मी लिहिलेलं:
वृद्ध, आनंदी, निवृत्ती, परंपरा, विश्वास.
दोनशे बारा वेळा विकला गेला तो.
विमावाल्यांना. कवळी चिकटवायच्या मलमाला.
एका बँकेला, 'आजच ठरवा'च्या डाव्या बाजूला.
त्याला मी वीस लाट दिले होते, आणि सहीचा कागद.
कुठे छापणार, त्यानं विचारलं.
कुठेही.
मग ठीक, म्हणाला, फक्त इथं नको,
इथं माझी उधारी आहे.

मूळ फाइल उघडली, कच्ची, न शिजवलेली.
दाराआडचा पसारा नको म्हणून
तेव्हा मी सावल्या ठार काळ्या करून टाकल्या होत्या.
आज त्या हळूहळू वर उचलल्या.
कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
हा उजळत गेला.
आधी बादली. मग फळी, फळीवर कानतुटका कप.
मग बाकावर बसलेली एक बाई,
ॲप्रनवर खवले, मांडीवर सुरी,
थेट माझ्याकडे बघणारी.

तिची सही माझ्याकडे नाही.

सही नसलेला चेहरा विकता येत नाही, हा एक नियम.
दुसरा असा, की बदललेला फोटो शून्यापासून सुरू होतो,
दोनशे बारा जुन्याबरोबर बुडीत खाती.
मागून येऊन तिखट व्हायची सोय इथं नाही,
मागून आलेल्यानं रांगेच्या शेपटाला उभं राहायचं.

पाविलोस्ताला फोन लावला. कुणीतरी तरुण मुलगी.
आइवार्स? तो आयर्लंडला, लेकीकडे,
ती मशरूमच्या शेडमध्ये आहे ना.
आणि मासे साफ करणारी बाई?
कुठली? बायबा असेल. नाहीतर ती रशियन बोलणारी.
बऱ्याच यायच्या, हंगाम संपला की जायच्या.
काय काम होतं?
सही हवी होती.
कशावर?
मी म्हटलं, राहू दे. अर्धा किलो मासे बाजूला ठेव, शनिवारी येते.

मग दोन फाइली केल्या.
एकीत आकाश आमच्याइतकंच निळं, म्हणजे जवळजवळ नाहीच,
आइवार्सच्या सुरकुत्या त्याला परत,
आणि दाराआड पुन्हा अंधार,
पहिल्याइतका नाही, पण पुरेसा.
ती पाठवली. तपासणीत आहे.
दुसरीला नाव काय द्यायचं, संगणकानं विचारलं.
बाई, सुरी, कप, लिहिलं. विश्वास लिहिलं नाही.

रात्री अकराला फोन टिंग वाजला.
जुना विकला गेला, कुठल्याशा कॅलेंडरला.
दोनशे तेरा. तीस सेंट.